पित्ताशयातले खडे: दुखण्यापासून दुर्बिणीपर्यंत

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की घरचे पहिला प्रश्न विचारतात, ‘खडा केवढा आहे?’ पंधरा मिलिमीटर म्हटले की सगळे धास्तावतात, तीन मिलिमीटर म्हटले की हायसे वाटते. खरे तर तीन मिलिमीटरचा खडाच अनेकदा जास्त घात करतो, कारण तो पित्ताशयातून निसटून पुढच्या नळीत अडकू शकतो. म्हणून विचारायचे प्रश्न दोन आहेत: खडा त्रास देतो आहे का, आणि तो आत्ता कुठे आहे? उपचाराचा बहुतेक निर्णय या दोन उत्तरांवर ठरतो.

खडा धरतो कसा

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात त्यातले बरेचसे पित्ताशयात साठते. पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी. तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावते, पण पित्तातले पाणी शोषून ती त्याला कितीतरी पट दाट करते. तेलातुपाचे जेवण लहान आतड्यात पोचले की तिथून एक संप्रेरक रक्तात सुटते. त्याच्या इशाऱ्यावर पित्ताशय आकुंचन पावते आणि साठवलेले पित्त नळीवाटे आतड्यात येते.

पित्तात कोलेस्टेरॉल असते. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार आणि लेसिथिन त्याला विरघळलेले ठेवतात. कोलेस्टेरॉल वाढले किंवा पित्ताशय नीट रिकामे होईनासे झाले की हा तोल बिघडतो. मग साखर जास्त झालेल्या पाकात कण धरावेत तसे पित्तात कण धरतात. आधी गाळ होतो, मग खडे. कधी एकच, तर कधी शंभराच्या वर.

पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास जास्त होतो. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे पित्तातले कोलेस्टेरॉल वाढते आणि पित्ताशयही सुस्तावते, म्हणून बाळंतपणानंतर खडे सापडणे नेहमीचे आहे. वाढते वय, जास्त वजन, मधुमेह आणि घरात कोणाला खडे असणे ही आणखी कारणे. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांनाही धोका असतो. एक वेगळा प्रकार रंगद्रव्याच्या काळ्या खड्यांचा. सिकलसेल किंवा थॅलेसेमियात तांबड्या पेशी सतत फुटतात आणि त्यातून हे खडे बनतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो, त्यामुळे तिथे शाळकरी मुलाच्या पोटदुखीतही ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते.

दुखणे ओळखावे कसे

खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतात. अशा मुक्या खड्यांसाठी सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, सोबत मोठा मांसल कोंब, किंवा सिकलसेलसारखा आजार असेल तर सर्जन वेगळा विचार करतात.

त्रास देणाऱ्या खड्याचे दुखणे मात्र ठरावीक वळणाचे असते. जड जेवणानंतर, बरेचदा रात्री, बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते. ती चढत जाते, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, कूस बदलून कमी होत नाही, उलटीची भावना होते. अर्धा तास ते काही तास राहून ती ओसरते. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो तेव्हा कळ येते, मागे सरकतो तेव्हा थांबते. म्हणूनच सकाळी माणूस ठणठणीत असतो, ‘पित्त झाले होते’ म्हणून अॅसिडिटीची गोळी घेतो, आणि असे महिनोन्‌महिने चालते. एक सावधगिरी: पोटाच्या वरच्या भागातली कळ हृदयविकाराचीही असू शकते. चाळिशीपुढच्या माणसाला घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर आधी ईसीजी काढावा.

कळ सहा तासांनंतरही थांबत नसेल आणि ताप आला असेल, तर पित्ताशयाला सूज आल्याची शक्यता असते. डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरके होऊ लागले, तर खडा मुख्य पित्तनलिकेत उतरलेला असू शकतो. त्यातच हुडहुडी भरून ताप आला, तर नळीत जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण आहे. आणि खडा स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला, तर स्वादुपिंडाला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे.

तपासणी आणि औषधे

निदानासाठी सोनोग्राफीच उत्तम. सहा ते आठ तास उपाशीपोटी करायची, म्हणजे पित्ताशय भरलेले आणि फुगलेले दिसते. पडद्यावर खडा पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते, आणि रुग्ण कुशीवर वळला की खडाही घरंगळतो. साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक खडे दिसतच नाहीत. सोबत रक्तातले बिलिरुबिन आणि यकृताच्या इतर चाचण्या होतात. नळीत खडा असल्याचा संशय असेल तर एमआरसीपी हा स्कॅन करतात. तिथे खडा सापडलाच, तर बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, तो आधी काढतात.

खडा पाडायची औषधे घरोघरी सुचवली जातात. पानफुटी आणि कुळथाचे कढण लोक मूतखड्यासाठी घेतात. मूत्रमार्गाचा आणि पित्ताशयाचा काही संबंध नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचावाटे जे हिरवट गोळे पडतात, ते खडे नसून पोटातच तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. उर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्यांनी लहान कोलेस्टेरॉलचे खडे काही जणांत विरघळतात, पण त्याला महिने, कधी वर्षे लागतात आणि गोळ्या थांबल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. नुसते खडे काढून पित्ताशय ठेवले तरी तेच होते. बर्लिनचे सर्जन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली आख्खे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली ती याच विचाराने: खडे करणारी पिशवीच काढली पाहिजे.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पुढची शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया बरगडीखाली मोठा छेद घेऊनच होत असे. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, १९८७ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात फिलिप मूरे यांनी त्याला व्हिडिओ कॅमेऱ्याची जोड दिली, आणि १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ती भारतात आणली. आज ती जिल्ह्याच्या गावीही होते.

रुग्णाला पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी छोटा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. बेंबीतून दुर्बीण जाते. आणखी तीन छेदांतून अवजारे. छेद पाच ते दहा मिलिमीटरचे. टेबल डोक्याकडून उंच आणि डाव्या कुशीकडे कलते करतात, त्यामुळे आतडी खाली सरकतात.

यानंतरचा टप्पा सगळ्यांत नाजूक. पित्ताशयाला मुख्य नळीशी जोडणारी बारीक नळी आणि पित्ताशयाची धमनी, या दोन्ही एका लहानशा त्रिकोणी जागेत असतात. सर्जन तिथली चरबी आणि पडदे हळूहळू सोडवतो. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झाला पाहिजे, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या पाहिजेत, एक नळी आणि एक धमनी. हे डोळ्यांनी स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापायचे नाही, असा दंडक आहे. मग टायटॅनियमच्या चिमुकल्या क्लिपा लागतात: आत राहणाऱ्या बाजूला सहसा दोन, निघणाऱ्या बाजूला एक. मधे कात्री चालते. पित्ताशय यकृतावरून सोडवून पिशवीत घालतात आणि एका छेदातून बाहेर काढतात. सरळ केस असेल तर सगळे तास-दीड तासात आटोपते.

इतकी काळजी घ्यायची कारण मुख्य पित्तनलिका शेजारीच असते. ती चुकून कापली जाणे दुर्मिळ आहे, हजारात काही जणांच्या बाबतीत घडते, पण घडले तर त्याचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात. सूज जुनी असेल, सगळे एकमेकांना चिकटलेले असेल, तर सर्जन मोठा छेद घेतो किंवा पित्ताशयाचा धोक्याजवळचा भाग तसाच ठेवतो. याला नातेवाईक शस्त्रक्रिया फसली असे समजतात. तो रुग्णाच्या जिवासाठी घेतलेला शहाणपणाचा निर्णय असतो आणि त्याबद्दल सर्जनचे आभारच मानावेत.

नंतरचे दिवस

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्ण चालू लागतो आणि बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. उजवा खांदा दोन दिवस दुखू शकतो. वायूमुळे श्वासपटल चाळवते, त्याची ती कळ. बैठे काम आठवड्याभरात जमते, जड उचलणे काही आठवडे टाळायचे. पित्ताशय नसले तरी यकृत पित्त बनवतच राहते, फक्त ते न साठता सरळ आतड्यात उतरते. काहींना सुरुवातीला तळकट खाल्ल्यावर पातळ शौच होते. ते सहसा काही आठवड्यांत सुधारते. आयुष्यभराचे पथ्य लागत नाही. मात्र घरी गेल्यावर ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी झाली तर लगेच परत दाखवावे. काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवले का हे विचारावे आणि तो अहवाल जपून ठेवावा, कारण क्वचित त्यात कॅन्सरची सुरुवात सापडते.

एकदा कळ येऊन गेली आणि सोनोग्राफीत खडे दिसले, तर पुढची कळ येण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा बरे वाटत असतानाच सर्जनला भेटावे. सुजेआधी केलेली शस्त्रक्रिया सोपी जाते. सूज आलीच, तर प्रकृती साथ देत असल्यास त्याच मुक्कामात, पहिल्या काही दिवसांतच ती करणे बहुधा हिताचे ठरते. घाबरून घाई करू नये, पण दुखणे थांबले म्हणून विषय मिटला असेही समजू नये.