प्रोस्टेटचा एमआरआय : पोट साफ, तर चित्र साफ

मुळशी तालुक्यातल्या पौड किंवा ताम्हिणीच्या बाजूच्या गावांतून एमआरआयसाठी पुण्याला यायचे म्हणजे दिवस मोडतो. एवढे करून ‘चित्र नीट आले नाही, पुन्हा या’ असे ऐकावे लागले, तर रुग्ण मशीनला दोष देतो. प्रोस्टेटच्या तपासणीत मात्र दोष अनेकदा गुदाशयातल्या वायूचा असतो.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. रक्तातले ‘पीएसए’ वाढलेले आढळले की बायोप्सीआधी एमआरआय सुचवला जातो. त्यातला ‘डिफ्यूजन’ हा भाग पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतो. कर्करोगात पेशींची दाटी होते, पाण्याची हालचाल अडते आणि ती जागा चित्रात उठून दिसते.

ही चित्रे बहुधा पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या अतिजलद पद्धतीने घेतात. मात्र चुंबकीय क्षेत्रातला किंचित फरकही या पद्धतीला सोसत नाही. हवा आणि शरीराच्या ऊती यांच्या सीमेवर हे क्षेत्र बिघडते. चित्र कुठे ताणले, तर कुठे चेपले जाते. गुदाशय प्रोस्टेटच्या अगदी मागे असतो आणि सुमारे ७० टक्के कर्करोग ग्रंथीच्या बाहेरच्या, बराचसा गुदाशयाला लागून असलेल्या भागात होतात. म्हणजे जिथे शोधायचे, तिथेच चित्र वाकडे! लहान गाठ झाकली जाते किंवा सरकलेली दिसते आणि बायोप्सीच्या सुईचा नेम चुकू शकतो.

यावर गणिती उपाय आहे. तेच चित्र उलट दिशेने पुन्हा घेतात. पहिल्यात जो भाग ताणला जातो, तो दुसऱ्यात चेपला जातो. दोन्ही ताडून संगणक खरी जागा काढतो. पण फारच चेपलेल्या भागातली माहिती पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून रुग्णाची तयारी महत्त्वाची.

तपासणीआधी शौचास जाऊन यावे. एनिमा डॉक्टरांनी सांगितला तरच घ्यावा. खुब्याचा कृत्रिम सांधा, पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असल्यास नाव नोंदवतानाच सांगावे; खुब्यातल्या धातूनेही चित्र बिघडते. मशीनमध्ये स्थिर पडून राहावे.

अहवाल हाती आल्यावर चित्रांचा दर्जा कसा होता, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. चित्र खराब असताना ‘काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.