उपाय हाताशी असताना होणारे मृत्यू

अपेंडिक्स फुटून, हर्निया अडकून किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावाने ऐन उमेदीतले माणूस दगावते, तेव्हा आजाराइतकाच दोष आरोग्यव्यवस्थेकडे जातो. या दुखण्यांवरचे उपाय जुने आहेत आणि फारसे महागही नाहीत. वेळेवर व योग्य उपचार मिळाले असते तर ठराविक वयाआधी जे मृत्यू व्हायला नको होते, ते वेगळे काढून मोजण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. पूर्वी ही वयोमर्यादा साधारणपणे ६५ वर्षांची असे; आयुर्मान वाढले तशी ती ७५ वर आली. तंबाखू, दारू आणि रस्त्यावरचे अपघात यांमुळे होणारे मृत्यू 'प्रतिबंधाने टळणारे' म्हणून निराळे धरतात, कारण त्यांवरचा इलाज मुख्यतः कायदे आणि कर यांच्याकडे असतो.

या मोजणीचा पाया १९७६ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड रुटस्टीन आणि सहकाऱ्यांनी घातला. व्हायलाच नकोत अशा मृत्यूंची त्यांनी आजारवार यादी केली. योगायोग असा की त्याच वर्षी ब्रिटनमध्ये थॉमस मॅककिओन यांचे पुस्तक आले. मृत्युदर घटला तो प्रामुख्याने सकस आहार आणि सुधारलेल्या राहणीमानामुळे, वैद्यकाचा त्यात वाटा थोडा, असे त्यांचे प्रतिपादन होते. क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन येण्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत होते, हा त्यांचा पुरावा बिनतोड होता. पण तो मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, सुरक्षित भूल आणि नवजात बालकांचे अतिदक्षता विभाग सर्रास झाल्यानंतरच्या काळाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

एलेन नोल्टे आणि मार्टिन मॅकी यांनी २००८ मध्ये १९ श्रीमंत देशांची तुलना प्रसिद्ध केली. १९९७-९८ ते २००२-०३ या अवघ्या पाच वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण सरासरी १६ टक्क्यांनी घटले होते. अमेरिकेत मात्र घट जेमतेम ४ टक्के होती. फ्रान्समध्ये दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ६५ मृत्यू, तर अमेरिकेत सुमारे ११०. आधी अमेरिकेच्या मागे असलेले पोर्तुगाल, आयर्लंड, ब्रिटन हे देश पुढे निघून गेले आणि अमेरिका तळाला पोचली. फ्रान्स, जपान आणि ऑस्ट्रेलिया या अव्वल तिघांची सरासरी तिने गाठली असती, तर वर्षाला सुमारे १ लाख १ हजार मृत्यू कमी झाले असते. आरोग्यावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या देशाची ही अवस्था. अमेरिकेत तेव्हा कोट्यवधी लोकांकडे विमा नव्हता, हे त्यामागचे एक ठळक कारण मानले जाते.

रशियाची कथा वेगळी. १९६५ नंतर ब्रिटनचा आलेख सातत्याने उतरत गेला. रशियाचा दीर्घकाळ जागच्या जागी रेंगाळला आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर वर चढला. खाटा आणि डॉक्टर यांची तिथे वानवा नव्हती. कमतरता होती ती आधुनिक औषधांची आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारांत सातत्य ठेवण्याची. इन्सुलिनचा पुरवठा विस्कळीत झाला, की त्याचा फटका पहिल्यांदा तरुण मधुमेहींना बसतो.

गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दवाखाना लांब असणे हेच मुख्य कारण, असा समज बरीच वर्षे होता. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. या देशांतील अशा सुमारे ८६ लाख मृत्यूंपैकी ५० लाखांच्या आसपास मृत्यू उपचारांपर्यंत पोचलेल्यांचे होते. तिथे मिळालेली सेवाच निकृष्ट होती. भारताच्या वाट्याला यातले सुमारे २४ लाख आले, आणि त्यांतले १६ लाख निकृष्ट सेवेचे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव घ्या. तो आवरणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली वीज तासन्‌तास गेली, फ्रिज गरम झाला, तर कुपी भरलेली दिसते पण इंजेक्शनचा गुण उणावतो. रजिस्टरमध्ये मात्र 'संस्थेत प्रसूती' अशी नोंद होते.

२०१६ च्या आकड्यांवर आधारलेल्या आरोग्यसेवा निर्देशांकात १९५ देशांत भारत १४५ वा होता. श्रीलंका ७१ वी, बांगलादेश १३३ वा. देशांतर्गत दरीही तितकीच रुंद आहे. गोवा आणि केरळ ६० गुणांच्या पुढे, तर उत्तर प्रदेश आणि आसाम ४० च्या आत. २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५ होते. अशी दरी नुसत्या पैशाने भरत नाही, हे गडचिरोलीत दिसले. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे आणि जंतुसंसर्गावर औषध देण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे आशा सेविकांच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच धर्तीवर उभा राहिला.

या तुलना वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. हृदयविकाराचे सगळे मृत्यू उपचारांनी टळत नाहीत, म्हणून नोल्टे आणि मॅकी त्यांतले निम्मेच धरत. हा निम्मा वाटा शेवटी ठरवलेलाच आहे. दुसरे म्हणजे भारतात डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू अल्पसंख्य आहेत. उरलेल्यांपैकी काहींची कारणे घरच्यांना लक्षणे विचारून ठरवली जातात, आणि 'छातीत दुखलं, घाम आला, गेले' एवढ्या माहितीवरून हृदयविकार की आणखी काही, हे डॉक्टरांना ठरवावे लागते.