लेबलवर कॉटन, पाठीवर घाम!

ऑक्टोबर हीट, खच्चून भरलेली लोकल आणि पाठीला चिकटलेला 'हंड्रेड पर्सेंट कॉटन' टी-शर्ट! कॉटनला दोष देऊ नका, वीण बघा. सिंगल जर्सीत टाक्यांचा एकच थर, त्यामुळे कापड हलकं आणि हवा खेळती. इंटरलॉकमध्ये दोन थर एकमेकांत गुंतलेले. एसी ऑफिसात मस्त, उन्हात मात्र जड. पोलोची पीके वीण उंचसखल, म्हणून अंगाला कमी टेकते. रने लाकोस्तनं १९३३ मध्ये टेनिससाठी बाजारात आणलेला शर्ट याच विणीचा! तेव्हा पुढच्या शॉपिंगला जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, तेही विचारा. उन्हाळ्यात १४० ते १६० बास. दुकानदाराला माहीत नाही? कापड सरळ उजेडासमोर धरा. ब्रँड काहीही असो, घाम तुम्हालाच येणार आहे!