गाठ लम्पीची की दुसऱ्या कशाची?



गाईच्या अंगावर गाठी उठल्या की घरातली माणसे घाबरतात. पण प्रत्येक गाठ लम्पीची नसते. माश्या-गोचिडांच्या चाव्यानेही गाठी येतात, कातडीचे इतर रोगही तसेच दिसतात. नक्की निदान नमुना तपासूनच होते.

लम्पी आपल्या देशात २०१९ साली ओडिशात प्रथम आढळला. २०२२ साली तो महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा जनावरांचे बाजारही बंद ठेवावे लागले. अशा रोगांच्या निदानासाठी पुणे शहरात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. लम्पी ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे 'रिअल टाइम पीसीआर'.

ही रीत अशी. विषाणूचा वंशतंतू, म्हणजे डीएनए, दोन पेडांच्या दोरीसारखा असतो. यंत्र तो सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवते, पेड उकलतात. मग यंत्र निवते आणि प्रत्येक पेडावर नवा पेड तयार होतो. एकाचे दोन, दोनाचे चार! १० फेऱ्यांत एकाचे हजारावर, २० फेऱ्यांत दहा लाखांवर, ३० फेऱ्यांत शंभर कोटींवर तंतू होतात. नळीत घातलेले खुणेचे तुकडे लम्पीच्या विषाणूलाच जुळतात, म्हणून दुसऱ्या रोगाचा तंतू वाढत नाही.

तंतू वाढतील तसा नळीतला प्रकाश वाढतो. यंत्र तो दर फेरीला मोजते. प्रकाश जितका लवकर दिसेल, तितका नमुन्यात विषाणू जास्त. एका नमुन्यात तो १८ व्या फेरीला दिसला आणि दुसऱ्यात २८ व्या, तर पहिल्यात विषाणू सुमारे हजारपट.

मात्र यंत्र नळीत आले तेवढेच सांगते. विषाणू जिवंत की मेलेला, हे ते सांगत नाही. रक्तात विषाणू थोडेच दिवस सापडतो, खपलीत पुष्कळ दिवस टिकतो. उशिरा नुसते रक्त पाठवले, तर रोग असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. म्हणून ताप आला, गाठ दिसली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुना डॉक्टरांनाच घेऊ द्या. खपली स्वतः ओढून काढू नका. नमुना बर्फाच्या डब्यातूनच गेला पाहिजे.

आणि अहवालाची वाट बघत बसू नका. आजारी जनावर लगेच वेगळे बांधा. त्याचे चारा-पाणी वेगळे ठेवा. गोठ्यातल्या माश्या, डास, गोचिडांचा बंदोबस्त करा. जनावर बाजारात नेऊ नका. निरोगी जनावरांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लस टोचून घ्या. लम्पी माणसाला होत नाही, तेव्हा जनावराची सेवा निर्धास्तपणे करा. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच घ्या.

ध्यानात ठेवा: अहवाल यायला वेळ लागतो, माशीला दुसऱ्या गोठ्यात जायला लागत नाही.