अतिचंचल मूल : शिक्षा नको, उपचार हवा

“याचा बापही लहानपणी अस्साच होता. पुढे सुधारला ना?” आपल्या स्नेहलतागंजातील कोणत्याही मराठी घरात आजीच्या तोंडून सहज निघणारे हे वाक्य. नातवाने वर्गात बाक सोडून हिंडावे, आज डबा तर उद्या कंपास हरवून यावे, बाईंनी वहीत लाल शाईने तक्रार लिहावी आणि आजीने सुनेची अशी समजूत घालावी! डॉक्टरांच्या कानांना मात्र हे वाक्य म्हणजे कौटुंबिक इतिहासच होय. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच ‘एडीएचडी’, या विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. आईचे लाड किंवा मुलाचा हट्ट हे त्याचे कारण नव्हे. मूल ऐकत नाही असे नसून, त्याला थांबता येत नाही.

या विकाराचे निदान रक्ततपासणीने वा स्कॅनने होत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली, घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी आणि रोजच्या जीवनात अडथळा आणणारी असावी लागतात. दृष्टी, श्रवण, झोप आणि अपस्मार यांचा विचारही आधी करावा. वर्गात शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही; म्हणूनच तिचे निदान बहुधा राहून जाते.

सहा वर्षांखालील मुलांत पहिला उपचार म्हणजे पालकांचे प्रशिक्षण. एका वेळी एकच, छोटी सूचना द्यावी. चांगल्या वर्तनाचे कौतुक तेथल्या तेथे करावे. दिनक्रम ठरलेला असावा. शाळेत पुढचा बाक, तुकड्यातुकड्यांनी दिलेला अभ्यास आणि मध्येच फळा पुसण्यासारखे एखादे काम यांचा चांगला उपयोग होतो.

मोठ्या मुलांत यांच्या जोडीला औषध द्यावे लागते. येथे पालक दचकतात. “झोपेची गोळी तर नाही ना?” मिथाइलफेनिडेट हे प्रत्यक्षात उत्तेजक औषध असून, मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचे कार्य वाढवून ते अवधान टिकवते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास राहतो. भूक मंदावणे व झोप उशिरा लागणे हे नेहमीचे दुष्परिणाम. म्हणून गोळी सकाळी न्याहारीबरोबर द्यावी आणि उंची, वजन, नाडी व रक्तदाब नियमित पाहावा. हे औषध न मानवल्यास अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पर्याय आहे. मात्र त्याचा पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात.

मिथाइलफेनिडेट आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेता दोन वर्षे जपून ठेवतो आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. हे आधी न सांगितल्यास पालक ‘काहीतरी भयंकर औषध दिसते’ म्हणून अर्ध्या वाटेवरून परततात. चिठ्ठी लिहितानाच चार शब्द अधिक बोलावेत.

अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. चौदा महिन्यांत मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. दोन्ही उपचार एकत्र दिलेल्या मुलांना औषधाची मात्रा कमी पुरली. तीन वर्षांनंतर मात्र गटांतील फरक उरला नव्हता. नियोजित उपचार संपल्यावर मुलांना आपापल्या सोयीने मिळेल ते उपचार घ्यावे लागले होते. तात्पर्य, एकदा चिठ्ठी लिहून आपले काम संपत नाही. पाठपुरावा हाही उपचाराचाच भाग आहे.

राहता राहिला आजीचा प्रश्न. बाप खरोखर सुधारला का? वयाबरोबर धावपळ ओसरते. विसराळूपणा, अर्धवट राहिलेली कामे आणि ‘आपण आळशीच’ ही समजूत अनेकांत कायम राहते. तेव्हा मूल तपासणीस आले की शेजारी बसलेल्या वडिलांनाही त्यांच्या शाळेविषयी जरूर विचारावे. त्यांनी खाल्लेला मार मुलाच्या वाट्याला येऊ न देणे आपल्या हाती आहे.