रेंज हिल्सची शाळा

पाय गमावलेल्या जवानाला कृत्रिम पाय बसवून देणारं लष्कराचं केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. त्या पायावर उभं राहून पुढं पोटासाठी काय करायचं, हे शिकवणारी संस्था मात्र त्याहून जुनी आहे. खडकीजवळच्या रेंज हिल्सची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट.

तिचा जन्म १९१७ चा, मुंबईतला. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातल्या कुत इथं सहाव्या पूना डिव्हिजनने शरणागती पत्करली होती. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. त्या आघाडीवरचे जखमी बोटींनी मुंबई बंदरात उतरत. हात नाही, पाय नाही, आणि घरी कोरडवाहू शेती. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी पुढाकार घेतला आणि शिवण, विणकाम, सुतारकाम, मोटारीचं काम असे वर्ग सुरू झाले. यातली निवड मला फार शहाणपणाची वाटते. पाय गेलेला माणूस विणकामाच्या यंत्रापुढं दिवसभर बसू शकतो, नांगरामागं चालू शकत नाही. पुढं संस्था खडकीला आली. यंत्रांच्या जोडीला संगणक आले, बाकी हिशेब तोच.

कसब शिकवणं त्यातल्या त्यात सोपं. शिस्त फौजेनं लावलेलीच असते. अडतं ते भाव सांगताना. ज्यानं पंधरा वर्षं एक तारखेचा पगार घेतला, कॅन्टीनमधून ठरल्या दरानं सामान आणलं, त्याला गिऱ्हाइकाशी घासाघीस करणं रणगाडा दुरुस्त करण्याहून अवघड जातं. त्यातून गावाकडं दुकान टाकलं की भाऊबंद उधारी मागतात. ‘‘तुम्हाला काय कमी, फौजीसाहेब? पेन्शन आहे की!’’ वेल्डिंगच्या वहीत न फिटलेली नावं वाढत जातात. माझ्या मते अशा शाळेत लेथइतकंच उधारी नाकारणंही शिकवायला हवं, अगदी परीक्षा घेऊन.

पेन्शननं चूल पेटते, हे खरं. पण चाळिशीच्या आतल्या माणसाचा दिवस तिनं भरत नाही.

भोसरी-चाकणच्या कारखानदारांनी अशा जवानाला चौकीदाराची खुर्ची देऊन मोकळं होऊ नये. एखाद्या सुट्या भागाची छोटी ऑर्डर द्यावी, आणि बिल वेळेवर चुकतं करावं.