स्टिअरिंग सोडताना

थंडीत कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डाबाहेर ट्रकांची रांग लागते. गाडी भरून होईपर्यंत ड्रायव्हरला काम नसते. तो चहाच्या गाड्यावर येऊन बसतो आणि बोलायला लागतो. मीही अधूनमधून तिथे जाऊन बसतो. इतक्या वर्षांत एक वाक्य मी तिथे अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ‘एवढी खेप झाली की बस. आता गाडी सोडायची.’

हे वाक्य माझ्या घरातलेच आहे. माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, जवळजवळ तीस वर्षे ट्रकवर होते. त्यातली निदान वीस वर्षे ते ‘एवढी खेप झाली की बस’ म्हणत होते. ज्याला मनापासून काम सोडायचे आहे त्याला ते सोडता का येत नाही, आणि सोडलेच तर पुढे काय होते, याविषयी आज बोलायचे आहे.

आधी आपले गाव. सोलापूर हे रस्त्यांच्या तिठ्यावर वसलेले शहर आहे. पुणे-हैदराबाद हा पूर्वीचा नऊ नंबरचा महामार्ग, आता तो पासष्ट झाला. धुळ्याकडून तुळजापूरमार्गे येणारा आणि पुढे विजापूरकडे जाणारा रस्ता आता बावन्न नंबरचा आहे. येथून चादरी, टॉवेल, साखर, कांदा, डाळिंब, होटगीकडचे सिमेंट असा माल चारी दिशांना जातो. इथली जुनी मिल १८७७ साली उभी राहिली आणि १९६३ मध्ये बंद पडली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचेही भोंगे थांबले. गिरणी कामगारांची काही मुले यंत्रमागावर गेली, काही स्टिअरिंगवर बसली. भाईजान त्यांतले एक. त्यांचे वडील म्हणजे माझे बडे अब्बा गिरणीत होते. भोंगा झाला की घरी येत. मुलगा मात्र अशा धंद्यात गेला की ज्याला भोंगाच नाही.

हा धंदा चालतो कसा, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पगारी ड्रायव्हरचा ठरलेला पगार थोडा असतो. खरी कमाई खेपेवर. खेपेला मालक खर्चाची रक्कम देतो, तिच्यातून जेवण, पंक्चर, हमाली, वाटेतली देणीघेणी भागवायची. जे वाचेल ते ड्रायव्हरचे. डिझेलचे अ‍ॅव्हरेज कमी पडले तर मालक विचारतो, आणि पुष्कळ ठिकाणी कापूनही घेतो. गाडी माल भरण्यासाठी दोन दिवस उभी राहिली तर त्या दोन दिवसांचे वेगळे काही मिळेलच असे नाही. म्हणजे चाक फिरेल तेवढेच पोट. दुसरा प्रकार मालक-ड्रायव्हरचा. गाडी त्याच्या नावावर असते, पण हप्ता संपेपर्यंत ती फायनान्सवाल्याची. त्याला तर आजारी पडायचीही सोय नाही.

मधल्या काळात रस्ते सुधारले. पुण्याचा रस्ता चौपदरी झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवरच्या रांगा कमी झाल्या. खेपेत पूर्वी जाणारे कितीतरी तास वाचले. मी एका ड्रायव्हरला विचारले, ‘मग आता घरी जास्त राहायला मिळत असेल?’ तो हसला. म्हणाला, ‘साहेब, वाचलेला वेळ मालकाच्या पुढच्या खेपेत गेला.’

आणखी एक बदल झाला. पूर्वी गाडीवर क्लीनर असे, आपल्या बोलीतला किन्नर. ताडपत्री बांधणे, गाडी मागे घेताना बाजू दाखवणे, रात्री उस्तादाशी बोलत राहून त्याला जागे ठेवणे ही त्याची कामे. चार-पाच वर्षांनी तोच ड्रायव्हर होई. ट्रकची शाळा ती हीच. आता खर्च वाचवायला पुष्कळ गाड्या एकट्या ड्रायव्हरवर पळतात. रात्री बोलायला कुणी नाही, आणि शिकून पुढे येणाराही नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत अशी तक्रार मालक करतात, तिचे एक मूळ इथे आहे.

कायद्याने कामाचे तास नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा होती. लांबच्या मार्गावर ती दिवसाला दहा तासांपर्यंत वाढवता येई. पण कायदा लागू होता तो पाच किंवा त्याहून अधिक कामगार ठेवणाऱ्यांना. आपल्याकडचे बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचे. तेव्हा कायदा पुस्तकात राहिला आणि ड्रायव्हर रस्त्यावर.

वर अपघाताची भीती. जुन्या भारतीय दंड विधानात निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, अपघातानंतर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. १ जानेवारी २०२४ ला देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, ते आपल्याला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सरकारने वाहतूकदारांशी बोलून मगच निर्णय घेऊ असे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. रस्त्यावर ज्याचा माणूस गेला त्याचे दुःख मोठेच आहे, आणि जखमीला टाकून पळणे याला क्षमा नाही. पण ड्रायव्हर म्हणतो तेही ऐकले पाहिजे. ‘थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा.’ त्या जानेवारीत चहाच्या गाड्यावर गाडी सोडण्याचीच भाषा होती.

मग सोडत का नाहीत?

पहिले कारण उचल. मुलीचे लग्न, घरातले आजारपण, यासाठी मालकाकडून घेतलेली रक्कम खेपेखेपेला फिटत असते, पण पूर्ण फिटायच्या आत दुसरी गरज उभी राहते. उचल असेपर्यंत गाडी सोडणे म्हणजे शब्द मोडणे, आणि ड्रायव्हर शब्दाला जपतो.

दुसरे कारण कागद. वीस वर्षे लाखो रुपयांचा माल बिनचूक पोचवलेल्या माणसाकडे लायसन्सखेरीज कामाचा पुरावा नसतो. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. बँकेत कर्जाला गेला तर उत्पन्नाचा दाखला मागतात. दुसरीकडे नोकरीला गेला तर अनुभवाचा मागतात. त्याचा सगळा अनुभव लोकांच्या तोंडी असतो.

तिसरे कारण, जायचे कुठे? एसटीत ड्रायव्हर होणे हे आमच्याकडच्या ट्रकवाल्यांचे जुने स्वप्न. ठरलेला पगार, खाकी कपडे, रजा. पण तिथे जागा निघतात तेव्हाच भरती होते आणि वयाची अट असते. शिवाय २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटीचा संप पाहिल्यावर त्या स्वप्नाचा रंगही थोडा उतरला. कुणी आखाती देशात ट्रेलरवर जातो, म्हणजे घर आणखी लांब. कुणी उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो, तो हंगामापुरता. ज्याची सांगोला-मंगळवेढ्याकडे चार एकर जमीन आहे तो डाळिंबाची स्वप्ने पाहतो. पण बागेला पहिली दोन-तीन वर्षे पैसा घालावा लागतो, आणि तेल्या रोग आला तर बाग जाते. रोख खेपेवर जगलेल्या घराला एवढी वाट पाहण्याची सवय नसते.

चौथे कारण कुणी बोलून दाखवत नाही. ते मला भाईजानमुळे कळले.

२००८ साली भाईजान एका भांडणावरून मालकाच्या हातात किल्ली ठेवून घरी आले. आम्ही सगळे खूश झालो. भाभी शाळेचे गणवेश शिवून घर चालवत होत्या. मुलांची फी, रेशन, दवाखाना, पाहुण्यारावळ्यांचे येणेजाणे, सगळे त्यांनीच बसवलेले. पंधरा दिवसांत भाईजानना कळले की या घरात आपल्यासाठी जागा आहे, पण काम नाही. मुलगा सहलीला जायचे की नाही हे शेजारी बसलेल्या बापाला सोडून स्वयंपाकघरात जाऊन अम्मीला विचारत असे. रात्री दोनला भाईजानना जाग येई आणि ते दाराबाहेर पायरीवर जाऊन बसत. एके रात्री मीही त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हणाले, ‘घर में मेहमान जैसा लगता रे. मेहमान को चार दिन चाय पूछते.’ चार महिन्यांत ते पुन्हा ट्रकवर गेले.

तेव्हा मी रस्त्यावर, रात्रीच्या गाडीवर कविता लिहीत असे. त्या मोठ्या हौसेने त्यांना वाचून दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकल्या आणि विचारले, ‘इस में डिझेल का भाव किधर है?’ त्यानंतर मी ड्रायव्हरांविषयी लिहिण्यापेक्षा त्यांचे ऐकणे अधिक केले.

दुसऱ्यांदा त्यांनी गाडी सोडली ती २०१३ मध्ये, आणि या वेळी घाईने नाही. आधी वर्षभर लांबच्या खेपा नाकारल्या. पुणे, विजापूर अशी जवळची भाडी घेतली. पैसा कमी मिळाला, पण दर दोन-तीन दिवसांनी ते घरी झोपू लागले. उचल फेडली. भाभींशी बसून हिशेब केला, की शिलाईच्या पैशावर किती महिने निघतील. शिवलेले गणवेश पोचवणे, दुकानदाराकडून पैसे आणणे हे काम त्यांनी अंगावर घेतले. म्हणजे घरात त्यांना काम मिळाले. मग एका शाळेच्या बसवर नोकरी धरली. पगार ट्रकपेक्षा कमी. पण लहान मुले त्यांना ‘ड्रायव्हरकाका’ म्हणून हाक मारत, आणि संध्याकाळी पाचला ते घरी असत. गिरणीच्या भोंग्याबरोबर त्यांचे वडील येत, तसेच.

म्हणून माझे म्हणणे असे की गाडी एका दिवसात सोडता येत नाही. वळणावर गियर जसे एकेक उतरवतात तशी ती उतरवावी लागते. ज्याच्या घराने त्याच्याशिवाय जगायला शिकून घेतले आहे त्याला आधी घरात परत यावे लागते, मग दुसऱ्या धंद्यात.

आपल्या जिल्ह्यातल्या अमर शेखांची आठवण इथे येते. १९१६ मध्ये बार्शीत गरीब घरात जन्मलेला हा माणूस सुरुवातीला मोटारीवर क्लीनर होता, मग गिरणी कामगार झाला आणि पुढे महाराष्ट्राचा शाहीर. १९६९ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांचा आवाज असामान्य होता हे खरे. पण त्या आवाजाला कामगार चळवळीने जागा दिली हेही खरे. नवे आयुष्य धरायला माणसाला दुसऱ्या माणसांचा आधार लागतो. ट्रक ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा असतो, त्यामुळे तो आधार त्याला लवकर सापडत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. माझे हे बोलणे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांत कुणी ड्रायव्हर असेल किंवा ड्रायव्हरच्या घरचे असेल, त्यांच्यासाठी. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. असंघटित कामगार म्हणून १६ ते ५९ वयाच्या माणसाला तिथे बारा अंकी क्रमांक मिळतो. निदान सरकारदप्तरी ‘हा माणूस काम करतो’ एवढी नोंद होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला वीस रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण आहे. बँकेत खाते असेल तर एवढे तरी आजच करावे. २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर महिना तीन हजार रुपये पेन्शन देते, पण तिच्यात शिरायचे वय १८ ते ४० आहे. पन्नाशीत गाडी सोडायचा विचार करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणून तिशीतल्या ड्रायव्हरने आत्ताच चौकशी करावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. पण वाहतूक व्यवसायाला ही संहिता लागू होते ती दहा किंवा अधिक कामगार असतील तर. एक-दोन गाड्यांचा मालक पुन्हा बाहेरच. त्या मालकांना माझी विनंती आहे. तेही बहुधा कधीकाळी ड्रायव्हरच होते. साध्या कागदावर लिहून द्या, की हा माणूस अमुक सालापासून माझ्या गाडीवर आहे, माल कधी कमी भरला नाही. खाली सही करा, तारीख घाला. तुमचा काही खर्च नाही. त्याला उद्या शाळेच्या बसवर उभे राहताना तो कागद उपयोगी पडेल.

गेल्या आठवड्यात चहाच्या गाड्यावर अक्कलकोटकडचा एक ड्रायव्हर भेटला. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. ‘एवढी हैदराबादची खेप झाली की बस,’ म्हणाला. मी विचारले, ‘उचल किती राहिली?’ त्याने चमकून माझ्याकडे पाहिले, मग आकडा सांगितला. आम्ही चहाच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. महिन्याला एवढे फेडले तर चौदा महिने लागत होते. त्याने तो कागद घडी करून लायसन्सच्या पाकिटात ठेवला आणि गाडी भरली का ते पाहायला गेला.

(सोलापूर आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)